अंगणवाडी सेविका आणि बालवाडीच्या ताईंचा संगणकाबद्दलचा दृष्टिकोन मोजायचा कसा?

रानवारा_नाशिक

नमस्कार मंडळी, मदत हवीय आणि जरा सविस्तर हवीय.

एमएडच्या प्रबंधासाठी विषय घेतलाय, पूर्वप्राथमिक शिक्षिकांचा संगणक वापराकडे बघण्याचा दृष्टिकोन. दोन गट घेणारे, शहरातल्या खासगी नर्सरी-बालवाड्यांच्या टीचर आणि पेठ, त्र्यंबक बाजूच्या अंगणवाडी सेविका. गाईड मॅडमचं म्हणणं असं की तयार श्रेणी (म्हणजे सहमती-असहमतीचे गुण द्यायच्या विधानांची यादी) घे, मराठीत कर, वाट, गोळा कर, बेरीज कर, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची चाचणी) लाव. आमच्याकडे बहुतेक प्रबंध असेच होतात आणि निष्कर्षही ठरलेला असतो, शहरी शिक्षिकांचा दृष्टिकोन सकारात्मक, ग्रामीण शिक्षिकांचा कमी सकारात्मक, शिफारस काय तर प्रशिक्षण द्यावे.

मला हे मनापासून पटत नाहीये. कारण एका अंगणवाडीत बसून मी बघितलं की ताई सकाळपासून मोबाईलवरच होत्या, हजेरी, आहार, वजन, गृहभेट, सगळं त्यात भरत होत्या आणि मधेच मुलांना गाणं म्हणायला लावत होत्या. त्यांना विचारलं संगणक आवडतो का तर म्हणाल्या "आवडायचं काय त्यात, भरावंच लागतं". मग मी म्हटलं मोबाईलवर अजून काय करता, तर डोळे चमकले, म्हणाल्या यूट्यूबवर बघून कागदाचे प्राणी शिकले, भिंतीवर लावलेत बघा. आता या बाईंना 'संगणकामुळे माझे काम सोपे होते' या विधानापुढे १ ते ५ मधलं काय लिहायला सांगू? त्या कुठल्या मोबाईलबद्दल बोलतील, हजेरीच्या की कागदाच्या प्राण्यांच्या?

आणि ज्या श्रेण्या आपल्याकडे वर्षानुवर्षं भाषांतर करून वापरतात त्यातली एक लॉइड आणि ग्रेसर्ड यांची १९८४ ची आहे. चिंता, आत्मविश्वास, आवड असे तिचे भाग होते, उपयुक्तता नंतर जोडली. चांगलीच आहे, पण तेव्हा संगणक म्हणजे टेबलावरचं वेगळं मशीन होतं, ज्याला हात लावायचा की नाही हे माणूस ठरवू शकत होता. आमच्या ताईंना तो चॉइस कुठाय?

तर प्रश्न असा की यांचा दृष्टिकोन खरंच मोजता येतो का, येत असेल तर कसा विचारू, आणि कुठल्या गोष्टी टाळू. इथे कोणी सेविका, टीचर, स्टॅटवाले असतील तर प्लीज लिहा. भाषांतर केलेली काही विधानं टाकते, सांगा कशी वाटतात.

संगणक वापरताना मला भीती वाटत नाही असे नाही.
संगणकामुळे माझा वेळ वाचतो व मुलांचे शिक्षण सुधारते.
लहान मुलांना संगणकापासून दूर ठेवले पाहिजे.
संगणकावर काम करणाऱ्या शिक्षिकांचा मला आदर वाटतो.

---

गणिताचा_मास्तर

विषय आवडीचा निघाला म्हणून लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

मोजता येतो. थर्स्टनने १९२८ मध्येच 'मनाचा कल मोजता येतो' असं ठामपणे मांडलं आणि १९३२ मध्ये लिकर्टने त्याची सोपी पद्धत दिली, तीच ती पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. पण लिकर्टच्या पद्धतीतली एक अट आपल्याकडे सर्रास विसरतात. बेरीज तेव्हाच करायची जेव्हा सगळी विधानं एकाच गोष्टीबद्दल असतात. नसतील तर येणारा आकडा कशाचाच नसतो.

उदाहरण घ्या. २० विधानं, प्रत्येकी १ ते ५. एका ताईने सगळीकडे ३ लिहिलं, बेरीज ६०. दुसरीने दहा ठिकाणी ५ आणि दहा ठिकाणी १, बेरीज ६०. पहिलीला बहुधा फरक पडत नाही, किंवा बोलायचं नाहीये, किंवा प्रश्नच समजला नाही. दुसरीची मतं अगदी पक्की आहेत, काही बाबतीत कट्टर बाजूने आणि काही बाबतीत कट्टर विरोधात. प्रबंधात दोघी 'मध्यम दृष्टिकोन' या एकाच रकान्यात जाऊन बसणार. तुम्ही जी ताई सांगितलीत ती बहुतेक दुसरीच आहे.

आता तुम्हाला सांगतील की अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढ, ०.७० च्या वर आला की श्रेणी विश्वसनीय. क्रॉनबाखने १९५१ ला दिलेलं ते सूत्र विधानांच्या संख्येवरही अवलंबून असतं हे सांगणारे मात्र कमी भेटतात. विधानांमधला सरासरी सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात ते, ० म्हणजे नातंच नाही, १ म्हणजे पूर्ण) नुसता ०.२ धरा, म्हणजे अगदीच सैल नातं. २० विधानं असतील तर अल्फा ०.८३ येतो, ४० केलीत तर ०.९१. आकडा दणदणीत, पण ती ४० विधानं एकाच गोष्टीबद्दल आहेत असं त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी घटक विश्लेषण करा, म्हणजे कोणती विधानं एका गटात जातात ते गणिताने शोधा, किंवा ते जमणारं नसेल तर निदान विधानं आधीच गटात पाडा आणि प्रत्येक गटाची बेरीज वेगळी ठेवा.

तुमच्या विधानांबद्दल. पहिलं काढूनच टाका, दोन नकार एकत्र आलेत, त्याला असहमत म्हटलं तर अर्थ काय लागतो हे मलाच दोनदा वाचून कळलं. उलट गुण द्यायची, म्हणजे सहमतीला कमी गुण असलेली, विधानं हवीतच, नाहीतर सगळ्याला हो म्हणणारी माणसं पकडता येत नाहीत, पण ती 'संगणकासमोर बसले की मला धास्ती वाटते' अशी सरळ लिहा, नकाराशिवाय. दुसऱ्यात दोन प्रश्न आहेत. वेळ वाचत असेल पण मुलांचं शिक्षण सुधारत नसेल तर बाईंनी काय लिहायचं? तोडा त्याला. चौथं विधान सौजन्याचं आहे, त्याला कोण नाही म्हणेल, सगळ्यांनी ४-५ दिलं तर त्यातून माणसामाणसातला फरक दिसतच नाही. तिसऱ्याबद्दल मुलांमध्ये काम करणाऱ्यांनीच बोलावं.

---

सातपुड्याची_लेक

मी अंगणवाडी सेविका आहे, नंदुरबार जिल्ह्यात, जास्त सांगत नाही. बहिणीने लिंक पाठवली म्हणून वाचलं. मला श्रेणी वगैरे समजत नाही पण तुम्ही आमच्यावर अभ्यास करताय तर सांगते.

रानवाराताई, आधी हे बघा की फॉर्म कोणाच्या हातून येतो. बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या, मिटिंगमध्ये पर्यवेक्षिका मॅडम फॉर्म वाटणार आणि त्याच गोळा करणार असतील तर आम्ही सगळ्या पूर्ण सहमत लिहिणार. मॅडम चांगल्या आहेत तरी लिहिणार. कारण उद्या कोणी म्हणायला नको की या ताईला मोबाईल जमत नाही. मिटिंगमध्ये आम्ही एकमेकींचं बघूनही लिहितो, वेळ कमी असतो, घरी जायची गाडी एकच असते.

दुसरं म्हणजे तुम्ही एकच मोबाईल समजताय पण आमच्यासाठी त्यात तीन-चार वेगळी कामं आहेत. एक रिपोर्टचं काम. आधी रजिस्टरं होती, अकरा, ती लिहायला वेळ लागायचा पण लिहिलं की लिहिलं, आता भरलं तरी गेलं की नाही कळत नाही, रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं, गोल गोल फिरत राहतं. दुसरं, मुलांना दाखवायला गाणी गोष्टी. तिसरं, मी स्वतः शिकते ते, मी त्यावर इंग्रजी वाचायला शिकतेय, माझी दहावी झालीय आता बारावीला बसणारे. चौथं ग्रुप, आयांचे फोटो, लसीकरणाचा निरोप. यातल्या पहिल्याला मी १ देईन आणि तिसऱ्याला ५. तुम्ही बेरीज करून मला ३ केलंत तर ती मी नाहीच. बाळाचं वजन आणि उंची आम्ही मोजतो पण दोन्ही मिळवून एक आकडा थोडीच लिहितो, मग ते बाळ लुकडं आहे की बुटकं आहे कळणारच नाही.

आणि आमच्या इथल्या काही ताई पावरी ही आदिवासी बोली बोलतात, मराठी वाचतात पण सावकाश. तुमचं अभिवृत्ती, उपयुक्तता असं लिहिलेलं असेल तर त्या पेन फिरवून देतील. बसून बोलून विचारा. बोलून विचारलं की आम्ही सांगतो.

---

निळी_छत्री

सातपुड्याची_लेक, किती नेमकं लिहिलंत. बारावीसाठी शुभेच्छा ताई.

मी पिंपरीत खासगी नर्सरीत शिकवते. रानवारा, शहरातल्या टीचर सकारात्मक येतील असं तू धरून चालली आहेस पण आमच्याकडे पण दबाव आहेच, फक्त वेगळा. इथे पालक ॲडमिशनच्या वेळी विचारतात स्मार्ट बोर्ड आहे का, टॅब देता का. त्यामुळे शाळेला दाखवायला हवंच असतं. माझा इंटरव्ह्यू झाला तेव्हा मला अक्षरशः विचारलं होतं तुम्ही टेक्नोसॅव्ही आहात का, मी हो म्हटलं, नाही म्हणून कोण नोकरी घालवेल. असंच हो तुझ्या फॉर्मवर पण येईल.

आणि खरं सांगायचं तर स्मार्ट बोर्डवर अक्षर गिरवण्यापेक्षा रव्यात बोट फिरवून अक्षर काढताना मुलं जास्त रमतात असं मला रोज दिसतं. पण मी संगणकाच्या विरोधात नाहीये गं, वर्कशीट बनवायला, पालकांना रिपोर्ट लिहायला, प्रोग्रॅमचं गाणं एडिट करायला मी तासनतास बसते आणि मला ते आवडतं. एमएससीआयटी पण केलंय २००९ ला. फक्त माझ्या साडेतीन वर्षांच्या पोरांसमोर तो स्क्रीन नको वाटतो. मग तुझ्या तिसऱ्या विधानाला, लहान मुलांना संगणकापासून दूर ठेवले पाहिजे, मी पूर्ण सहमत लिहिणार आणि तू मला नकारात्मक ठरवणार?

---

कोसबाडच्या_वाटेवर

निळी_छत्री यांनी जिथे सोडलं तिथून पुढे लिहितो, कारण मला वाटतं या विषयातली सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

त्या तिसऱ्या विधानाला सहमती म्हणजे कमी गुण, असं धरतात. आता बालरोगतज्ज्ञ काय म्हणतात ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की २ ते ४ वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन बघायचा वेळ दिवसाला एक तासाच्या आत हवा, आणि जितका कमी तितका चांगला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही दोन वर्षांखाली अजिबात नको आणि २ ते ५ ला फार तर एक तास असाच आहे. म्हणजे जी शिक्षिका लहान मुलांना स्क्रीनपासून जपते ती डॉक्टरांशी सहमत आहे, आणि आपली श्रेणी तिला मागासलेली ठरवते! अशी विधानं संगणकाबद्दलचा दृष्टिकोन मोजतच नाहीत, ती बालशिक्षणाबद्दलची जाण मोजतात, आणि वर गुण उलटे देतात.

आपल्याकडे तर हा विचार फार जुना आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढे १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती म्हणून शंख, शिंपले, बिया, पानं, दगड यांतून साधनं तयार केली. त्यांनी माँटेसरीचा विचार घेतला आणि वस्तू इथल्या घेतल्या. कुठलं साधन कशासाठी, कोणत्या वयाला, आणि त्याने मूल काय करतं, ही पारख असलेली शिक्षिका त्यांना हवी होती. आजच्या सेविकेने टॅबलेटकडे बघून "याने माझं मूल नुसतं बसून राहतं" असं म्हटलं तर ती त्याच परंपरेतलं बोलतेय असं मी मानतो.

म्हणून रानवारा, मुलांच्या हातात साधन देण्याबद्दलची विधानं पूर्ण वेगळ्या भागात टाका आणि त्या भागाला जास्त-कमी असे गुण देऊच नका. तिथे फक्त विचारा की कोणत्या वयाला, किती वेळ, कशासाठी, आणि का. उत्तरं वाचा, गट करा.

---

स्पष्ट_सोलापूरकर

एवढं कशाला. आता सगळं ॲपवर आहे. कोणी किती वेळा लॉगिन केलं, किती नोंदी केल्या हे सर्व्हरवर असतंच. ती माहिती मागा. माणूस काय बोलतो त्यापेक्षा काय करतो ते बघावं. ज्या जास्त वापरतात त्यांचा दृष्टिकोन चांगला, विषय संपला.

---

सातपुड्याची_लेक

दादा तसं नाही होत. माझ्या ओळखीच्या एका ताईंच्या सगळ्या नोंदी वेळेवर असतात, त्यांचा मुलगा भरतो संध्याकाळी. ताईंना स्वतःला फोन उचलता येतो आणि कापता येतो एवढंच. सर्व्हर म्हणेल या एक नंबर. आणि मी स्वतः सगळं भरते, माझ्या नोंदी उशिरा जातात कारण रेंज नाही. सर्व्हर म्हणेल ही कामचुकार.

---

गणिताचा_मास्तर

वरचं उत्तर पाठ्यपुस्तकात छापावं असं आहे.

स्पष्ट_सोलापूरकर, तुमचा मुद्दा मात्र निकालात काढण्यासारखा नाही, बोलणं आणि करणं यात फरक असतोच. लापिएर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये यावर लिहिलं होतं. तो एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला, तेव्हा तिकडे चिनी लोकांबद्दल भयंकर पूर्वग्रह होता. हॉटेलं, खानावळी धरून २५१ ठिकाणी ते गेले आणि फक्त एका ठिकाणी त्यांना नाकारलं. काही महिन्यांनी त्याने त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं की चिनी गिऱ्हाईक घ्याल का, १२८ उत्तरं आली आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त नाही अशी होती. कागदावर एक, दारात उभ्या माणसासमोर दुसरं.

पण यावरून मतं विचारूच नका असा निष्कर्ष निघत नाही. प्रश्न फार मोघम विचारला की तो कृतीशी जुळत नाही. १९७९ चा एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. विवाहित स्त्रियांना गर्भनिरोधनाबद्दल एकूण मत विचारलं तर पुढे दोन वर्षांत त्यांनी गोळ्या घेतल्या की नाही याच्याशी सहसंबंध ०.०८, म्हणजे जवळजवळ नाहीच. पण 'पुढच्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः गोळ्या घेण्याबद्दल काय वाटतं' असं नेमकं विचारलं तर ०.५७. बायका त्याच, विषय तोच, प्रश्न फक्त नेमका केला.

म्हणून 'संगणक' असं मोघम विचारू नका. 'पुढच्या महिन्यात गृहभेटीची नोंद स्वतः मोबाईलवर करणं तुम्हाला कसं वाटतं' असं विचारा. काम, साधन, जागा, काळ, चारही त्यात आले पाहिजेत. आणि जिथे वापर सक्तीचा आहे तिथे वापरावरून आवड ओळखता येत नाही. सक्ती नसलेल्या कामात काय करतात ते बघा, कागदाचे प्राणी म्हणतात ना, ते. तिथे माणूस दिसतो.

अजून एक, गूगल फॉर्म करू नका हं. संगणकाबद्दलचा दृष्टिकोन संगणकावरच मोजायचा म्हणजे ज्यांना तो नको वाटतो त्या आधीच गळणार, आणि उरलेल्यांची सरासरी छान येणार.

---

निळी_छत्री

+१ गूगल फॉर्मला. आमच्या शाळेच्या ग्रुपवर असे फॉर्म येतात तेव्हा आमच्या वयस्कर मावशी टीचर मला फोन देतात आणि म्हणतात भर गं तूच.

---

वेलिंग्टनची_मावशी

मी न्यूझीलंडमध्ये बालशिक्षण केंद्रात काम करते, आधी दादरला बालवाडीत होते, म्हणून दोन्हीकडचं बघितलंय.

इथला अभ्यासक्रम ते व्हारिकी, १९९६ चा, २०१७ ला नवा केला. त्यात मुलाचं मूल्यमापन गुणांनी न करता त्याची गोष्ट लिहून करतात. आज अमक्याने वाळूत बोगदा केला, कोसळला, परत केला, असं फोटोसकट लिहायचं आणि ते घरच्यांना जातं, आजी भारतातून उत्तर पाठवते. हे सगळं आम्ही संगणकावर करतो. माझ्यासोबत साठीच्या पुढच्या शिक्षिका आहेत ज्यांना टायपिंग येत नव्हतं पण त्यांनी ते याच्यासाठी शिकून घेतलं, कारण लिहिलेलं त्यांच्या मुलांबद्दल होतं आणि वाचणारं कोणीतरी होतं. शिवाय आमच्या केंद्रात लिहायला मुलांपासून वेगळा वेळ मिळतो, पगारी.

तेव्हा रानवारा, प्रश्नावलीत साधनाबरोबर परिस्थिती पण विचार. नोंद करायला वेगळा वेळ मिळतो का, फोन कोणाचा, नेटचा खर्च कोण देतं, अडलं तर कोणाला विचारता, आणि भरलेली माहिती पुढे जाऊन तुम्हाला परत दिसते का. सेविका भरते आणि ते वर जातं, पण तिला त्यातून आपल्या मुलांबद्दल काही परत मिळतं का? हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

---

कोसबाडच्या_वाटेवर

मावशींच्या मुद्द्याला जोडून. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, आठवत असेल. तेव्हा किती जणांनी लिहिलं की यांना तंत्रज्ञान नकोच आहे. आंदोलनातली कारणं वाचली तर हँडसेटची क्षमता कमी, दुरुस्तीचा खर्च, आणि त्याच वर्षी मार्चपासून आलेल्या पोषण ट्रॅकर या नोंदी भरायच्या सरकारी ॲपमध्ये मराठी नाही, अशी होती. त्या बायका मराठीत चालणारा चांगला मोबाईल मागत होत्या. त्या आठवड्यात कोणी लिकर्ट श्रेणी वाटली असती तर महाराष्ट्रातल्या सेविका तंत्रज्ञानविरोधी असा निष्कर्ष छापून आला असता. १९७५ ला २ ऑक्टोबरला ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेली ही अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना आज महाराष्ट्रातच लाखभर अंगणवाड्यांची आहे, आणि या बायकांबद्दल असा एक आकडा छापला गेला की पुढची धोरणं त्यावर बेततात. म्हणून तुमचा प्रबंध कपाटात जाईल असं समजून काम करू नका.

---

रानवारा_नाशिक

सगळ्यांचे खूप खूप आभार, दोन दिवस वाचतेय आणि वहीत उतरवतेय. मॅडमशीही बोलले, त्या आधी म्हणाल्या एवढं वाढवू नकोस, पण सातपुड्याच्या ताईंचं लिहिलेलं वाचून दाखवल्यावर गप्प झाल्या आणि म्हणाल्या कर.

आता असं ठरतंय. एकूण बेरीज नाहीच. चार वेगळे भाग, नोंदी आणि रिपोर्टसाठी, स्वतःच्या शिकण्यासाठी, पालकांशी संपर्कासाठी, आणि मुलांना दाखवण्यासाठी. पहिल्या तीन भागांना गुण, प्रत्येकाचे वेगळे. चौथ्याला गुण नाहीत, तिथे तीन प्रसंग सांगणार आणि ताई काय करतील व का हे विचारणार. एक प्रसंग असा लिहिलाय, पाऊस आहे, मुलं बाहेर जाऊ शकत नाहीत, मदतनीस आज आली नाही, स्वयंपाकही बघायचाय, तुमच्या मोबाईलवर गोष्टीचा व्हिडिओ आहे, तुम्ही काय कराल. बरोबर उत्तर असं काही नाही.

साधनांची परिस्थिती वेगळ्या पानावर, मावशींनी सांगितलं तसं, म्हणजे नंतर बघता येईल की रिपोर्टबद्दलची नाराजी रेंज नसलेल्या गावांत जास्त आहे का. मला स्वतःला वाटतं की शहर विरुद्ध ग्रामीण या फरकाचा बराच भाग त्या एका पानातच सापडेल. बघू.

सेविकांचे फॉर्म मी स्वतः तोंडी भरून घेणार, एकेकीशी, अंगणवाडीत, नाव न लिहिता, आणि पर्यवेक्षिकांना फक्त परवानगीपुरतं सांगणार. निळी_छत्री, नर्सरीच्या टीचरशी शाळेबाहेर बोलणार. सगळ्या अंगणवाड्यांत मला स्वतःला जाणं शक्य नाही त्यामुळे संख्या कमी होईल, मास्तर, त्यावर तुमचं काय मत?

मास्तर, अजून एक. मॅडमना एक दिवसाचं प्रशिक्षण देऊन आधी-नंतर असं मोजायचंय. ते करू का?

---

गणिताचा_मास्तर

कमी संख्या चालेल. पाचशे फॉर्म मिटिंगमध्ये भरून घेण्यापेक्षा साठ-सत्तर जणींशी नीट बोललात तर मला ते जास्त विश्वासार्ह वाटेल. फक्त निवड चिठ्ठ्या टाकून करा, रस्त्यावरच्या सोयीच्या अंगणवाड्या घेऊ नका, नाहीतर रेंज असलेलीच गावं येतील.

आधी-नंतर बद्दल सावध राहा. प्रशिक्षण संपल्या संपल्या विचारलं तर चहा-नाश्ता झालेला असतो, शिकवणारी समोर असते, सगळं ५ येतं. दीड-दोन महिन्यांनी परत विचारा. आणि आत्मविश्वासाचे गुण कधीकधी प्रशिक्षणानंतर कमी होतात, ते अपयश समजू नका. आधी बाईंना वाटत असतं मला मोबाईल येतो, मग त्यात किती काय आहे हे कळतं आणि त्या स्वतःला जास्त कडक मोजायला लागतात. म्हणून शेवटी एक वेगळा प्रश्न घाला, 'प्रशिक्षणाआधी तुम्हाला खरंच किती येत होतं असं आता वाटतं'. त्याच्याशी तुलना केली की चित्र स्पष्ट होतं.

---

स्पष्ट_सोलापूरकर

ताईंचं उत्तर पटलं. माझी वहिनी सेविका आहे बार्शी बाजूला, तिला विचारलं तर म्हणाली नोंदी माझी पुतणी भरते, म्हणजे माझीच मुलगी, मला माहीतच नव्हतं. रानवारा, सोलापूर जिल्ह्यातलं काही हवं असेल तर सांगा, ती बोलायला तयार आहे.

---

रानवारा_नाशिक

अरे वा, नक्की. प्रश्नावलीत 'नोंदी प्रत्यक्ष कोण भरतं' हा प्रश्न घालतेच, आणि तो कोणालाही दाखवणार नाही हे आधी सांगून. वहिनींना चाचणी फेरीत घेऊ, म्हणजे विधानं समजतात का ते कळेल. सातपुड्याची_लेक, तुम्ही पण घ्याल का भाग? पावरी बोलणाऱ्या ताईंना विधानं कशी सांगायची यात तुमची मदत लागेल.

---

सातपुड्याची_लेक

करेन. विधानं मला पाठवा, मी दोघी-तिघींना वाचून दाखवते आणि कुठे अडलं ते लिहून ठेवते. फक्त महिनाअखेरीला नको, रिपोर्ट असतो, आणि माझी परीक्षा फेब्रुवारीत आहे, त्याच्या आधी करून टाकू. फोन लागला नाही तर मेसेज टाका, टेकडीवर गेले की येतो.